टिटवी ओरडते तेव्हा

भांडीकुंडी आटपली असतील तर पाच मिनिटं बसा. आज एका पाखराबद्दल बोलायचंय.

टिटवी रात्री ओरडली की आपल्याकडं म्हणतात, अपशकुन झाला. आमच्या आत्याबाई अंथरुणातच देवाचं नाव घ्यायच्या. मीही तेच मानत होते.

मागं एकदा चैत्रात कांदा काढून रान मोकळं झालं होतं. मी पात गोळा करायला गेले, तर टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली. मी मागं सरले आणि बांधावरच्या बाभळीखाली गप बसले. थोड्या वेळानं ती खाली उतरली, थांबत थांबत चालत आली आणि एका जागी अंग हलवून बसली. तिथं ना काडी, ना गवत. जराशी खोलगट जागा, थोडे खडे, शेळीच्या लेंड्या आणि त्यात चार अंडी. मातीसारखीच, वर काळे ठिपके. पाय पडला असता तरी कळलं नसतं.

बायांनो, घरटं बघायची हीच रीत. शोधत फिरायचं नाही. लांब बसायचं, पाखरू आपणच दाखवतं. आपण जवळ उभं राहिलो तर ते अंड्यावर बसत नाही. मग वरून ऊन आणि बाजूला कावळा.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर येणार होता. मी मालकांना म्हटलं, तेवढी जागा सोडा. ते म्हणाले, "पाखरासाठी रान पडीक ठेवू का?" मी म्हटलं, रान नको, खाटेएवढी जागा ठेवा. शेवटी दोन बाजूंना दोन दगड ठेवले आणि ट्रॅक्टरवाल्यानं वळसा घातला.

अंडी फुटायला २८ दिवसांच्या आसपास लागतात. रोज भाकरी खाताना मी बांधावरून बघायचे. नर-मादी आळीपाळीनं बसायचे. ऊन तापलं की पाटात पोट भिजवून यायचे आणि तीच ओल अंड्यांना द्यायचे. पिल्लं निघाली तीही लगेच आईमागं चालायला लागली.

पिल्लं अजून रानातच होती, तेव्हाची गोष्ट. शेतीची लाईट रात्रीची होती. मालक मोटार चालू करायला निघाले आणि टिटवी ओरडायला लागली. एरवी कुत्रं गेलं तर ती ओरडून थांबते. आज थांबेना, आणि आवाज ओढ्याकडनं उसाच्या कडेनं सरकत होता. म्हणजे काहीतरी चालत होतं. मी म्हटलं, "थांबा, एकटे जाऊ नका." त्यांनी शेजारच्या भाऊजींना हाक मारली. दोघं बॅटरी घेऊन, मोठ्यानं बोलत, बऱ्याच वेळानं गेले. सकाळी पाटाच्या ओल्या मातीत ठसे होते. गोलसर, चार बोटांचे आणि नखं न उमटलेले. कुत्र्याच्या ठशात नखं दिसतात. तो बिबट्या होता.

आपल्या शिरूरला घोड आणि भीमेच्या काठी, तसंच दौंडच्या बागायतीत ऊस वाढला. वर्षभर उभ्या राहणाऱ्या उसात बिबट्याला आडोसा मिळतो, मादी तिथंच विते. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागात माणसं दगावली, लेकरंही गेली. म्हणून हे नुसतं कौतुक नाही. अंधार पडला की पोरांना एकटं सोडू नका. उसाच्या कडेला गवत कापताना एकटीनं वाकून बसू नका. दोघी-तिघी जा, बोलत राहा. टिटवी गप आहे म्हणून बिनधास्तही राहू नका. ती ओरडली तर मात्र कान द्या.

ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली तर हात लावू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. आई जवळपास असते. त्या फडातलं काम थांबवा, लांब व्हा आणि वन खात्याला १९२६ वर फोन करा. ते लोक पिल्लं त्याच जागी ठेवतात, रात्री आई घेऊन जाते. आई आलीच नाही तर पिल्लाला जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात, पिंजऱ्यात वाढावं लागतं. आणि पिल्लं हरवलेली मादी चिडून आपल्याच वस्तीभोवती फिरते.

टिटवीचं घरटं असो की बिबट्याचं पिल्लू, दिसलं की आधी चार पावलं मागं. मग बघा.

खाटेएवढी जागा आम्ही दरसाल सोडतो. टिटवी कधी तिथं बसते, कधी दुसरीकडं. आत्याबाई आता अपशकुन म्हणत नाहीत. रात्री टिटवी ओरडली की आतूनच विचारतात, "पोरं घरात आहेत ना गं?"

तुमच्या बांधावर यंदा कोण बसलंय, ते गटाच्या बैठकीत एकमेकींना जरूर सांगा. येते मी. नमस्कार.