मुके कोणाला म्हणायचे?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)





बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. तोंड असून ज्यांना बोलू दिले जात नव्हते, ते हे मूक. आज आम्हांला दुसऱ्या मुक्यांविषयी बोलायचे आहे. जन्मतः बहिऱ्या मुलाचा गळा आणि जीभ बहुतेक वेळा धडधाकट असते. पण मूल ऐकून बोलायला शिकते. कानावर शब्दच पडला नाही, तर ते बोलणार कसे? एवढी साधी गोष्ट समजायला जगाला शतके लागली. बोलता येत नाही म्हणजे अक्कल नाही, असेच लोक धरून चालले.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वाटा न मिळणाऱ्यांची यादी आहे. त्यात जन्मांध, बहिरा, वेडा आणि मुकाही आहे. त्यांना फक्त अन्नवस्त्र द्यावे, असे पुढे म्हटले आहे. त्या ग्रंथाची महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी होळी झाली. १९२८ च्या कायद्याने बहिऱ्या-मुक्यांवरची वारसाबंदी बरीचशी उठली. आणि १९५६ च्या वारसा कायद्याने, जो आपल्या बौद्धांनाही लागू आहे, कोणत्याही व्यंगामुळे वाटा जाणार नाही असे स्पष्ट केले.

दुसऱ्याचे दोष सांगताना आपले घरही झाडावे. विनयात बहिऱ्या-मुक्यांना प्रव्रज्या नाकारली आहे. मूगपक्ख जातकात राजपुत्र तेमिय मुका-बहिरा असल्याचे सोंग घेतो, तर त्याला अपशकुनी ठरवून पुरायला नेतात. त्या काळची समजूत यावरून कळते.

युरोपातही तेच होते. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये पेद्रो पोन्से या साधूने सरदारांच्या बहिऱ्या मुलांना शिकवून दाखवले. अठराव्या शतकात पॅरिसला आबे द लेपे यांनी हातांच्या खुणांतून गरिबांची मुले शिकवली. पण १८८० साली मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी खुणा बाजूला सारून फक्त तोंडी बोलण्यालाच मान्यता दिली. त्या परिषदेत बहिऱ्यांचे म्हणणे कोण ऐकणार? २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेने या चुकीबद्दल खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षे लागली!

आता घरचे सांगतो. आमची थोरली आत्या जन्मतः बहिरी होती. सारी वस्ती तिला 'मुकी' म्हणायची, तिचे खरे नाव आम्हा पोरांना माहीतच नव्हते. आजोबांच्या जमिनीची वाटणी १९५६ नंतरची. पण तिला कोणी विचारले नाही, कागदावर अंगठा तेवढा घेतला. "तिला काय कळतंय? दोन घास आणि लुगडं देऊ की," असे घरचेच म्हणाले. म्हणजे पोथी जाळली आणि तिचा निवाडा आम्ही घरातच पाळला. त्याची आज लाज वाटते.

म्हणून मातांना विनंती. बाळ आवाजाला दचकत नसेल, तर "बोलेल हळूहळू" म्हणून थांबू नका, कानाची तपासणी लवकर करा. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमण्यास सांगितले आहे, ते मागून घ्या. खुणा शिकायला घरातल्यांनीही बसा. आणि त्या लेकराला नावाने ओळखा.

ज्याचे ऐकून घ्यायला आपण तयार नाही, त्याला आपण मुका म्हणतो. हे ऐकायला आपण आजपासून शिकू या.

जय भीम! नमो बुद्धाय!