कॅलेंडरावरचे ते आठ दिवस
वाशी-नेरूळच्या भगिनींनो, दुधाचा खाडा आपण कालनिर्णयावर मांडतो. मनाचा मात्र मांडीत नाही. पाळीपूर्वी आठवडाभर जीव नकोसा व्हावा नि पाळी येताच आभाळ निवळावे, असे काहीजणींचे दरमहा होते. घरचे म्हणतात, "नखरे!" नखरे कसले? २०१३ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी याला स्वतंत्र आजार मानले. संप्रेरके बहुधा ठीकच असतात. त्यांच्या चढउताराने मेंदू ढवळतो, आणि आत्महत्येचा धोका वाढतो. दोन महिने रोज तारखेपुढे मनःस्थिती टिपा, तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. औषधे आहेत, कित्येकींना महिन्यातून पंधरवडाच घ्यावी लागतात. मरणाचा विचार डोकावला, तर मात्र दोन तासही थांबू नका. सरकारी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.