जिंकायचं, पण सोबतीनं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. त्या संधी तुमची मुलं मोबाईलवर माझ्याआधी शोधून काढतील. म्हणून संयोजकांची परवानगी घेऊन मी नाटकाबद्दल बोलते. काळजी करू नका, गाणं म्हणणार नाही.

बारावीनंतर आपल्यापैकी बरेच जण औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेले. गेवराई, शहागडचा गोदावरीवरचा पूल, पाचोड, आडूळ ही एसटीची वाट आजही पाठ आहे. १९५८ साली तिथे विद्यापीठ आलं आणि मराठवाड्यातल्या पोरांना स्वप्नं बघायला हक्काचं गाव मिळालं. त्याच विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे ५२ पात्रं उभी करायचे. पुढे तेच ‘वऱ्हाड’ आपल्या माजलगावच्या संदीप पाठक यांनी रंगमंचावर आणलं, याचा आपल्याला अभिमान आहे.

पण आज मला सांगायचं आहे ते ‘जिगीषा’बद्दल. जिगीषा म्हणजे जिंकण्याची इच्छा. औरंगाबादेतल्या काही तरुण मित्रमैत्रिणींनी आपल्या नाट्यसंस्थेला हे नाव दिलं. चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शन करायचे, प्रशांत दळवी लिहायचे, प्रतीक्षा लोणकर अभिनय करायच्या. ऐंशीच्या दशकात ही मंडळी मुंबईला गेली. १९९१ साली दळवींनी लिहिलेलं आणि कुलकर्णींनी बसवलेलं ‘चारचौघी’ आलं. आई आणि तीन मुली, चौघीही आपापले निर्णय स्वतः घेणाऱ्या. मराठी प्रेक्षक दचकले आणि तिकिटं काढून पुन्हा बघायला गेले. २०२२ साली त्याच दिग्दर्शकाने नव्या नटसंचात ते परत आणलं, तेव्हाही नाट्यगृहं भरली. प्रशांत दळवी आणि प्रतीक्षा लोणकर पुढे पती-पत्नी झाले. आपण शाळा-कॉलेजात असताना दूरदर्शनवर ‘दामिनी’ लागायची, मराठीतली पहिली दैनंदिन मालिका. आपल्या आया हातातलं काम टाकून बघायच्या ती दामिनी म्हणजे याच प्रतीक्षा लोणकर.

मोठ्या शहरात मैत्री विरते, लग्न झालं की गट फुटतो, एकाला यश मिळालं की दुसरा दुरावतो, असं आपण नेहमी ऐकतो. यांचं इतकी वर्षं कसं टिकलं? मला दिसतं ते एवढंच, की त्यांनी एकमेकांना सतत काम दिलं. एकाने लिहिलं, दुसऱ्याने बसवलं, तिसरीने उभं केलं. सोबत असायला रोज नवं कारण होतं. नुसत्या आठवणींवर मैत्री फार दिवस चालत नाही, हे आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या ‘शुभ सकाळ’वरून तुम्हालाही कळलं असेल.

आणखी एक गोष्ट. याच गोतावळ्यातल्या अजित दळवींनी औरंगाबादेत प्राध्यापकी करत लेखन केलं. त्यांच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’चं दिग्दर्शनही चंद्रकांत कुलकर्णींनीच केलं. म्हणजे मागे राहिलेला माणूस मागे पडला नाही. आपण पुण्या-मुंबईला गेलेले लोक इथे राहिलेल्यांशी जरा वरच्या पट्टीत बोलतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता माझ्यापुरतं. इंजिनिअरिंगला असताना मी एकांकिकेत ध्वनी सांभाळायचे. अंधारात टेपरेकॉर्डरचं बटण नेमक्या वाक्याला दाबायचं, एवढंच माझं काम. आमच्या होस्टेलचं गेट संध्याकाळी साडेसातला बंद व्हायचं आणि तालमी सुरू व्हायच्या आठला. त्यामुळे नाटकातल्या बायका एकतर दोन वाक्यं बोलून माहेरी जायच्या किंवा पहिल्या प्रवेशाआधीच वारलेल्या असायच्या! एका वर्षी गटातल्या मुलांनीच ठरवलं, की तालीम पहाटे सहाला करायची. डोळे चोळत, मफलर गुंडाळून, शिव्या देत ती यायची, पण यायची. त्या वर्षी आमच्या एकांकिकेत दोन मुलींना पूर्ण भूमिका मिळाल्या. बक्षीस मिळालं नाही. पण मैत्रीची माझी व्याख्या त्या पहाटे पक्की झाली: तुझ्यासाठी मी माझी वेळ बदलीन. पुढे लग्नातही मी तेच शोधलं आणि ऑफिसातही.

आपल्या वर्गातही अशी एक मुलगी होती. नाव घेत नाही, तिला आवडणार नाही. स्नेहसंमेलनात तिने जिजाऊ केली, तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प बसली होती. दहावीच्या सुट्टीत तिचं लग्न झालं. तिची इच्छा कुणी मोडली असं म्हणता येत नाही, कारण ती कुणी विचारलीच नव्हती. आज ती इथे आली आहे, लेकीला घेऊन. लेक आपल्याच शाळेत आठवीला आहे.

म्हणून एक प्रस्ताव ठेवते. आपली १९९७ ची बॅच दरवर्षी शाळेत एक एकांकिका उभी करू. बाहेर असलेल्यांनी खर्च उचलायचा. इथे असलेल्यांनी जबाबदारी घ्यायची. तालीम शाळेच्या वेळातच, शेवटच्या दोन तासांना. सरांनी तेवढे तास द्यावेत, ही विनंती. स्नेहसंमेलन येतं ऊसतोडीच्या हंगामात. कितीतरी मुलींचे आई-बाप तेव्हा कारखान्यावर असतात आणि घरी फक्त आजी असते. उशीर झालाच, तर त्या मुलींना घरापर्यंत सोडायला आपल्यातल्या दोघी-तिघी गावात आहेत. त्यांची नावं मी आधीच लिहून घेतली आहेत, जेवणाच्या रांगेत.

ध्वनीला मी येईन. तालमीच्या आठवड्याची रजा आत्ताच टाकते. दिग्दर्शन कोण करणार हे मात्र मी ठरवून टाकलंय. आमची जिजाऊ. तिला अजून विचारलेलं नाही. ते आता, तुम्हा सगळ्यांसमोर विचारते.

बाई, करशील ना गं?