राज्य बदललं तरी रस्ता तोच

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेला २५ वर्षं पूर्ण झाली, सर्वांचं मनापासून अभिनंदन. आपल्या घरांतली बरीच मुलं-मुली आज हैदराबाद, बंगळूर, इंदूरकडे नोकरीला आहेत. कुणी इथली एमएच ३२ ची गाडी तिकडे नेली, कुणी तिकडेच घेतली. ‘तिथले वेगाचे कायदे वेगळे असतात का हो?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला, म्हणून आज त्यावरच बोलतो.

आपलं कारंजा जागचं हललं नाही, पण राज्यं बदलत आलं. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, दुसऱ्या दिवसापासून मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. मोटारींचा कायदा मात्र या सगळ्या काळात १९३९ चाच राहिला. आज १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे आणि तोही देशभर लागू आहे. इथलं लायसन्स तिथे चालतं, तसाच इथला गुन्हा तिथेही गुन्हाच असतो. ‘साहेब, आम्ही बाहेरचे, माहीत नव्हतं’ हे उत्तर कुठेच चालत नाही.

मग फरक कशात पडतो? पहिला फरक वेगमर्यादेत. केंद्र सरकारने २०१८ मध्ये कमाल वेग ठरवून दिले. कारला द्रुतगती मार्गावर ताशी १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि शहरात ७० किलोमीटर. मोटरसायकलला चौपदरीवर ८०, शहरात ६०. ही झाली वरची हद्द. राज्य सरकार ती आणखी कमी करू शकतं. म्हणून आपल्या नागपूर-अमरावती रस्त्यावरची सवय दुसऱ्या राज्यात नेऊ नका, तिथला फलक वाचा. फलकावरची तेलुगू किंवा कन्नड कळली नाही तरी अडत नाही. लाल गोलातला आकडा म्हणजे त्याच्यावर जायचं नाही, लाल त्रिकोण म्हणजे पुढे जपून. या खुणा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दिलेल्या आहेत आणि देशभर सारख्या आहेत.

दुसरा फरक दंडाच्या रकमेत. कायदा हलक्या वाहनाच्या अतिवेगासाठी १,००० ते २,००० आणि मध्यम व जड वाहनासाठी २,००० ते ४,००० रुपये सांगतो. पण जागेवर तडजोडीत किती घ्यायचे, हे राज्य ठरवतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हेल्मेटचा दंड १,००० झाला, तो गुजरातने लगेच ५०० वर आणला. नवीन दंड देशात १ सप्टेंबर २०१९ ला आले, आपल्या महाराष्ट्राने ते डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. त्यामुळे इथल्या दंडाचा हिशेब तिथे लावू नये.

आता मुख्य गोष्ट. अतिवेग आणि धोकादायक गाडी चालवणं हे दोन वेगळे गुन्हे आहेत. अतिवेगाचं कलम १८३, त्यात आकडा मोजावा लागतो. ‘गाडी लय जोरात होती’ असं एकट्या साक्षीदाराने अंदाजाने सांगितलं, तेवढ्यावर शिक्षा होत नाही, यंत्राचा आधार लागतो. कलम १८४ मात्र आकड्यावर थांबत नाही. रस्ता कसा आहे, गर्दी किती आहे, हे त्यात पाहिलं जातं. फलकावर ६० लिहिलेलं असेल, पण बाजाराच्या दिवशी माणसांच्या गर्दीतून ६० ने गाडी काढली, तर मर्यादेत राहूनही गुन्हा होऊ शकतो. सिग्नल तोडणं, हातात मोबाईल धरून चालवणं, चुकीचं ओव्हरटेक आणि उलट्या दिशेने येणं हेही धोकादायक ठरलं, तर याच कलमात येतं.

इथे आपण जरा आपल्याकडेही पाहू. पुढचा कट लांब आहे म्हणून हायवेवरून राँग साइडने येणारे किती आहेत! ‘दोन मिनिटांचं तर काम आहे’ म्हणतात. पहिल्या वेळी याला ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तीन वर्षांत पुन्हा केलं तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १०,००० दंड, किंवा दोन्ही. आणि निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला, तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ५ वर्षांपर्यंत कैद आहे. पूर्वी ती २ वर्षं होती.

पालकांनो, पोट्ट्याच्या हातात किल्ली देण्याआधी कलम १९९ क ऐका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मला माहीत नव्हतं किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचं काम पालकाचंच. कौतुकाने दिलेली किल्ली अशी महागात पडते.

मुलगा-मुलगी परराज्यात निघाले की तीन कामं करून द्या. गाडीच्या कागदांवरचा मोबाईल नंबर चालू आहे का पाहा, कारण ई-चालानचा संदेश त्याच नंबरावर येतो. विम्याची तारीख पाहा. आणि गाडी तिथे १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल, तर त्या राज्याचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, हे सांगून ठेवा.

शेवटी एक विनंती. रस्त्यात अपघात दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. कलम १३४ क प्रमाणे सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे आणि नाव सांगायची सक्ती नाही. आपलं मूल दूरच्या रस्त्यावर पडलं, तर त्याला उचलणारा माणूस अनोळखीच असणार. आपणही कुणासाठी तो अनोळखी माणूस व्हावं, एवढंच मागतो आणि थांबतो.