‘बसान रव’ हा सल्ला आता मागे घेऊया



मालवणातल्या या परिषदेत मला आज एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. म्हातारी कळशी घेऊन विहिरीकडे निघाली, की मुंबईहून आलेला मुलगा मायेनं म्हणतो, “आये, आता तू कायेक करू नको, गप बसान रव.” हेच वाक्य आम्ही डॉक्टर शुद्ध भाषेत कागदावर लिहितो : दगदग टाळा, विश्रांती घ्या.

मीही लिहिलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून दोरानं जाळं ओढणारे मच्छीमार, आले. वय अडुसष्ट, हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेला. मी लिहून दिलं, ‘जड काम करू नका.’ माझ्या मनात रापणीचा दोर होता. त्यांनी अर्थ घेतला, की उठायचंच नाही. सहा महिने ते पडवीत बसून राहिले. पुन्हा आले तेव्हा इकोत हृदयाचं काम आधीइतकंच चांगलं दिसत होतं, पण मांड्या वाळून गेल्या होत्या. घरापासून रस्त्यावर यायला चिऱ्याच्या बारा पायऱ्या. त्या चढताना ते दोनदा थांबत. त्यांची ही अवस्था रोगानं केली नव्हती, माझ्या अर्धवट वाक्यानं केली होती. त्या दिवसापासून मी ते वाक्य लिहीत नाही.

यामागचं शास्त्र काही नवं नाही. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, या क्षमतेत तेवढ्यानं सुमारे २७ टक्के घट झाली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. आता पन्नाशीचे, वजन वाढलेले. तीस वर्षांत त्यांची क्षमता सुमारे १२ टक्के उतरली होती. तीस वर्षांच्या वयानं जे नेलं, त्याच्या दुपटीहून जास्त तीन आठवड्यांच्या अंथरुणानं नेलं होतं. पुढे सहा महिने त्यांनी चालणं, हळू धावणं, सायकल असा बेतानं वाढवत नेलेला व्यायाम केला आणि क्षमता विशीतल्या मूळ पातळीवर परत आली.

या प्रयोगातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पन्नाशीत परत आलेली ती ताकद हृदयातून आली नव्हती. हृदय मिनिटाला जेवढं रक्त फेकत होतं तेवढंच फेकत राहिलं. आलेल्या रक्तातून प्राणवायू ओढून घ्यायला स्नायू शिकले. म्हणून एखादी आजी “माका धाप लागता” म्हणते, तेव्हा छातीला स्टेथोस्कोप लावाच, पण तिच्या पोटऱ्या आणि मांड्याही हातानं चाचपून बघा.

वयाबरोबर हृदयात काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. रक्तवाहिन्यांचा लवचीकपणा जातो, वरचा रक्तदाब चढतो, डाव्या कप्प्याची भिंत ताठर होते आणि त्यात रक्त भरायला वेळ लागतो. नाडीचा कमाल वेगही उतरतो. ‘२२० वजा वय’ हे आपण पाठ केलेलं सूत्र म्हाताऱ्या माणसाला कमी लेखतं. २००१ साली मांडलेल्या दुसऱ्या सूत्राप्रमाणे वयाची ०.७ पट २०८मधून वजा करायची. सत्तरीच्या माणसाला जुनं सूत्र १५० देतं, हे १५९. अर्थात बीटा-ब्लॉकर चालू असेल तर दोन्ही सूत्रं बाजूला ठेवा. चालताना दोन वाक्यं बोलता यावीत, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग बहुतेकांना पुरतो.

ताठर झालेलं हृदय पुन्हा मऊ होतं का? डॅलसमधल्याच संशोधकांनी याचं उत्तर शोधलं. ४५ ते ६४ वयाच्या बैठ्या माणसांनी दोन वर्षं, आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम केला आणि डाव्या कप्प्याचा ताठरपणा लक्षणीय कमी झाला. हा अभ्यास २०१८ साली छापून आला. त्याआधी पासष्टी ओलांडलेल्यांना वर्षभर व्यायाम देऊन पाहिला होता. त्यांची दमछाक कमी झाली, ताकद वाढली, पण हृदयाचा ताठरपणा हलला नाही. पाय सत्तरीतही शिकतात, हृदयाला मात्र आधी गाठावं लागतं.

आता आपला जिल्हा डोळ्यांपुढे आणा. २००१ ते २०११ या दशकात सिंधुदुर्गाची लोकसंख्या वाढली नाही, घटली. २०११च्या जनगणनेत ती साडेआठ लाखांच्या आत होती. तरुण मुंबई-पुण्याला, गोव्याला. गावात उरतात ते वडीलधारे, आणि अठ्ठावन्न-साठाव्या वर्षी निवृत्त होऊन परतलेले चाकरमानी. नेमकं हेच वय हृदय वळवण्याचं. तेव्हाच आपला माणूस गावी येतो, घर दुरुस्त करतो, दारात स्कूटर ठेवतो आणि खुर्ची ओढून बसतो. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं लवकर येतो, असं ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात २००४ साली दिसलं. म्हणून मला सर्वांत जास्त काळजी या निवृत्तांची वाटते.

यांच्यातले कितीतरी मुंबईच्या ‘बेस्ट’ बससेवेत होते. व्यायाम आणि हृदय यांचं नातं पहिल्यांदा ठळकपणे दाखवलं, तेही बसमध्येच. लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना मांडली. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होत होता, झाला तरी उशिरा आणि सौम्य. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापं तपासली, तेव्हा चालकांच्या विजारी भरतीच्या वेळेपासूनच कमरेला रुंद होत्या असं आढळलं. सगळं श्रेय जिन्याला देता येणार नाही, हे त्यांनी स्वतःच पुढे आणलं. मुंबईत दुमजली बस १९३७ साली आली आणि तिच्या जुन्या डिझेल गाड्या २०२३च्या सप्टेंबरात थांबल्या. त्या जिन्यांवर आयुष्य काढलेला वाहक गावच्या चार पायऱ्यांना घाबरू लागतो, याचं मला फार वाईट वाटतं.

इथे कोणी म्हणेल, पूर्वीची माणसं कष्ट करत, म्हणून धट्टीकट्टी होती. हे मला पूर्ण मान्य नाही. कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. रापणीचा दोर ओढताना पाय वाळूत रोवलेले, अंग मागे झुकलेलं आणि श्वास अडकलेला असेल, तर रक्तदाब क्षणात खूप वर चढतो. सगळे मिळून ओरडत ओढतात, तेव्हा श्वास सुटत राहतो आणि हा धोका कमी होतो, ही जुनी शहाणीव आहे. पण उपाशी पोटी, भर उन्हात, विश्रांतीविना राबणं याला मी औषध म्हणणार नाही. पेजेबरोबर रोज खारवलेला बांगडा हवाच, तर रक्तदाबाचं मापही रोज घ्यावं लागेल. आणि डोईवर मासळीची पाटी घेऊन मैलोगणती चाललेल्या आमच्या गाबित बायांना झटका आला, तर छातीत कळ न येता नुसती धाप, घाम, मळमळ होऊ शकते. ती ‘गॅस’ म्हणून परतवू नका.

मग काय लिहून द्यायचं? ‘फिरायला जा’ हा मोघम सल्ला नको. गोळीचा जसा डोस लिहितो, तसं लिहा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम सांगते आणि पासष्टीनंतर तोल व ताकद यांचा सराव तीन दिवस. आपल्याकडे जागा आयती आहे. कोरड्या पुळणीत चालायला टणक जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. म्हणून सुरुवात ओहोटीला, पाण्यालगतच्या घट्ट ओल्या वाळूवर, दहा मिनिटांची. महिन्यानं थोडं वर, सैल वाळूत. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना गेलेल्यांनी अनवाणी मुळीच नको. कालवांच्या कवचानं कापलं तरी कळत नाही. मे महिन्यात हवा इतकी दमट, की घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांनी ऊन चढण्याआधी घरी परतावं. श्रमानं छातीत दडपण येणारे, चक्कर येणारे, पाय सुजणारे यांची आधी तपासणी. आणि थांबायचं ते एकदम नाही, वेग हळूहळू उतरवत, नाहीतर दाब पडून माणूस कोसळतो. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी जलतरण स्पर्धेत उतरणारे ज्येष्ठ पोहणारे आपण पाहतो. त्यांनी हे सगळं वर्षानुवर्षं हळूहळू कमावलेलं असतं, हेही आपल्या रुग्णांना सांगा.

माझे ते रापणकार पायऱ्यांपासूनच नव्यानं शिकले. आधी खुर्चीतून हात न टेकता उठणं, दिवसातून दोनदा पाच-पाच वेळा. मग ओली वाळू. आठ महिन्यांनी ते त्या बारा पायऱ्या न थांबता चढले. दोर त्यांनी पुन्हा ओढला नाही, तो मी ओढू दिलाही नसता. पण रापण किनाऱ्याला लागली की जाळं झाडायला ते जात आणि वाटा घेऊन घरी येत.

जेवणानंतरच्या सत्रात बंदरावरच्या तीस ज्येष्ठांना बोलावलं आहे. हात नसलेल्या खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. हात छातीवर घडी करून अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहता येतं, ते मोजायचं. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला १४ आणि बाईला १२ जमायला हवेत. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात १२ आणि १०. आपल्यापैकी प्रत्येकानं एकेकाजवळ घड्याळ घेऊन उभं राहायचं आहे, आणि आकडा त्यांच्याच केसपेपरवर, रक्तदाबाच्या शेजारी लिहायचा आहे.