लेकराच्या हाती किल्ली



रिठदसारख्या गावात पोरगं चौदा-पंधरा वर्षांचं झालं, की बाप कौतुकानं सांगतो, "आमचा आता ट्रॅक्टरही चालवतो!" कौतुक खरंच, पण गाडी चालवता येणं निराळं आणि ऐन वेळी आवरता येणं निराळं.

जरा हिशेब करा. ताशी 60 किलोमीटर वेगानं मोटारसायकल एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. पुढची बैलगाडी दिसून ब्रेक दाबेपर्यंत एवढा सेकंद जातोच. शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. गुरुजी, हे गणित फळ्यावर मांडाच. पण शाळेच्या पटांगणात ते 17 मीटर पावलांनी मोजूनही दाखवा. पोरं विसरणार नाहीत.

कायदाही ऐकून ठेवा. गिअरची मोटारसायकल, मोटार वा ट्रॅक्टर रस्त्यावर चालवायला 18 वर्षं पूर्ण हवीत. 2019 सालच्या दुरुस्तीनं अल्पवयीनाच्या गुन्ह्याबद्दल पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

पण दंड भरता येतो. गेलेलं लेकरू परत येत नाही.

म्हणून अठरा भरू द्या. मग शिकाऊ परवाना काढा, जाणत्या माणसाकडून रीतसर शिकवा, डोक्यावर हेल्मेट घाला. गोऱ्ह्याला वळण लावल्याशिवाय आपण औताला जुंपत नाही. मग लेकराच्याच बाबतीत घाई का बरं?