शेजारचा राजाराम

आज एका चाळीची गोष्ट. सई परांजपे यांचा 'कथा', १९८३ चा. सिनेमा हिंदी, पण मूळ नाटक मराठी, शं. गो. साठे यांचं 'ससा आणि कासव'.

नसीरुद्दीन शाहचा राजाराम म्हणजे कासव, साधा कारकून. त्याच्या खोलीत फुकट राहायला आलेला फारुख शेखचा बाशू म्हणजे ससा. गोड बोलतो, थापा मारतो, अख्खी चाळ खिशात घालतो. दीप्ती नवलची संध्यापण फसते. बाशू पळाल्यावर तिच्यासाठी उभा राहतो तो राजारामच.

आपण हसतो खरं, पण मला एक गोष्ट टोचली. चाळीत सगळ्यांना सगळ्यांचं माहिती असतं, तरी राजाराम कुणाला दिसत नाही.

सोलापुरात आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत. पाणी आलं की पहिले खाली येऊन मोटर लावतात. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. मागे एका रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं. मी मोबाईलवर रिक्षा शोधतोय, तोवर काकांनी गाडी काढलीसुद्धा.

बाबा बरे आहेत आता. काकांचं नाव मात्र मला दारावरच्या पाटीवर वाचावं लागलं.

'कथा' नक्की बघा. भेटू पुढच्या भागात!